बाचा रतनगड

आमच्या बाच्या जन्माची तारीख कुठंच लिहिलेली नाही. आधार कार्डावर १ जानेवारी १९४१ आहे, पण ती कार्ड काढणाऱ्या पोरानं बाच्या तोंडाकडं बघून अंदाजानं टाकलेली. आजी सांगायची, "लावणी चालली व्हती, आन् पाऊस असा का इरल्यातूनबी गळत व्हता." म्हणजे आषाढ असावा. साल तिलाही ठाऊक नव्हतं. तिचा काळ दोनच तुकड्यांत होता, धरणाच्या आधीचा आणि धरणाच्या नंतरचा.

धरणाची तारीख मात्र पक्की आहे. १९१० साली काम सुरू झालं. १० डिसेंबर १९२६ ला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि भंडारदऱ्याच्या भिंतीला विल्सन डॅम हे नाव पडलं. पाण्याला आर्थर लेक म्हणू लागले. भिंत दगड-चुन्याची, २७० फूट उंच, मागं ११ टीएमसी पाणी मावतं. हे सगळं आता कुणालाही मोबाइलवर सापडतं. दगड कुणी फोडला, चुना कुणी मळला, कुणाची खाचरं पाण्याखाली गेली, हे मात्र घराघरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं तेवढंच. आमचा आजा पोरवयात त्या कामावर पाट्या वाहायला होता. म्हणजे जी भिंत आमची जमीन गिळणार होती तिच्यासाठीच तो डोक्यावर माल वाहत होता. हे त्याला तेव्हा कळत होतं का, असं मी एकदा बाला विचारलं. बा म्हणाला, "कळून काय करनार व्हता? पाटीला पैसा मिळत व्हता."

पाण्याखाली गेली ती आमची भाताची खाचरं. मोबदला किती मिळाला ते घरात कुणी कधी सांगितलं नाही. जमीन किती होती ते मात्र तीन पिढ्या सांगत आल्या. मे महिन्यात पाणी खाली गेलं की तळातल्या गाळात जुने बांध उघडे पडतात. बा आम्हा भावंडांना वाडीच्या टोकाला, पळसाच्या झाडाखाली उभं करायचा आणि बोट करून दाखवायचा, "त्यो बांध बघा. तिथून पल्याडच्या दगडापातूर आपलं." दरवर्षी दाखवायचा. पाऊस पडला की बांध परत बुडायचा.

खाली सपाटी गेली, म्हणून आमची माणसं वर सरकली. उताराला वरई आणि नाचणी, थोडक्या तुकड्यात राब भाजून भाताचं रोप, आणि बाकी सगळं डोंगरावर. हिरडा वेचायचा, मध काढायचा, सरपण, करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या आणि खेकडे. कुडाला कारवी, शाकारायला गवत. शहरातून येणारी मंडळी बाला विचारायची, "तुम्हाला डोंगराची आवड कशी लागली?" बा हसायचा. आवड हा शब्द आमच्या घरात भाजीच्या बाबतीत वापरत. डोंगर आवडीनिवडीचा विषय नव्हता.

तरीपण मी हे लिहायला बसले ते याच प्रश्नापाशी अडले म्हणून. कारण गरजेपुरतं डोंगरात जाणारी माणसं आमच्या वाडीत पुष्कळ होती. हिरडा संपला की ती खाली येत. बा गरज नसतानाही जायचा.

सोनकी फुलली का बघायला जायचा. पहिल्या पावसानंतर प्रवरेचा ओढा गडावरून कसा उतरतो ते बघायला जायचा. प्रवरा आमच्या रतनगडावरच उगम पावते, खाली रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथं महादेवाच्या पायाशी पाणी असतं. देवळावरचं कोरीवकाम बघायला लांबून अभ्यासक येतात. बा त्या देवळाच्या ओट्यावर बसून आधी डोंगराकडं बघायचा आणि मग देवाकडं. आजी रागवायची. तो म्हणायचा, "द्येव कुठं पळून चाललाय? ढग चाललाय."

एकदा तो डोंगर सोडून गेला होता, तेही सांगायला पाहिजे. माझा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट. भात गेलं होतं, घरात दाणा नव्हता. वाडीतल्या चौघांबरोबर बा श्रीरामपूरकडं उसाच्या कामाला गेला. भंडारदऱ्याचं पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यावर अडवतात, तिथून डावा-उजवा कालवा निघतो आणि संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडची शेतं भिजवतो. त्याच पाण्यावर तिकडं ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना काढला, १९५० साली, तो याच प्रवरेच्या नावाचा. बानं तिथं चैत्रात भरून वाहणारा कालवा बघितला. त्याच दिवसांत इकडं आमची आई दोन कोसांवरच्या झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत होती. बा सांगायचा, "मी त्या पान्यात हात घातला. म्हनलं, ह्ये तर आपलं. वळखीचं वाटलं बघ." तक्रारीच्या सुरात नाही सांगायचा. नातेवाईक लांबच्या गावी दिसावा तसं सांगायचा.

महिनाभरात तो परत आला. बाकीचे हंगाम संपवून, पैसे घेऊन आले. आजीनं विचारलं, का आलास? तर म्हणाला, "तिथं नजर कुठं अडतच नाय." सपाट मुलखात त्याला झोप लागेना. आणि दुसरं कारण त्यानं आजीला सांगितलं नाही, आईनं मला फार उशिरा सांगितलं. माझा मोठा भाऊ तेव्हा रांगत होता. बा म्हणाला होता, पोरगं चालाय लागंल आन् मी तिथं आसंन.

त्या वर्षी आमच्या घरानं कंद उकडून दिवस काढले. आईनं हे बाला कधी पूर्ण माफ केलं असं मला वाटत नाही. घरात दाणा नसताना बाप घरी असण्याचा उपयोग काय, हा तिचा प्रश्न खरा होता. पण भावाचं पहिलं पाऊल बानं पाहिलं, हेही खरं.

१९६९ च्या पावसाळ्याअखेर धरणाच्या भिंतीला तडे दिसले आणि पाणी गळू लागलं. खालच्या गावांत घबराट झाली. पाण्याची पातळी उतरवली, आणि पुढं भिंतीला मागून दगडी-सिमेंटाचे टेकू देऊन ती मजबूत केली. आज धरणाखालून बघितलं तर ते टेकू दिसतात. बा त्या दुरुस्तीवर मजूर होता. आजानं भिंत बांधायला माल वाहिला, बानं ती सावरायला. आमच्या घराचा आणि इंग्रजाच्या धरणाचा संबंध हा असा. नंतर ७२ चा दुष्काळ आला, तेव्हा बा आणि आई दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. त्याबद्दल दोघंही फारसं बोलत नसत, म्हणून मीही इथं थांबते.

त्यानंतर केव्हातरी मुंबई-पुण्याची पोरं पाठीवर पिशव्या घेऊन यायला लागली. घोटीला रेल्वेतून उतरायची, यष्टीनं शेंडीपर्यंत यायची, तिथून होडीनं किंवा पायी. हरीश कापडियांचं 'ट्रेक द सह्याद्रीज' हे इंग्रजी पुस्तक १९७७ साली आलं, ते काहींच्या हातात असायचं. पुस्तकात वाट असायची, पण पावसाळ्यानंतर गवत छातीपर्यंत वाढलं की पुस्तकातली वाट रानात सापडत नाही. मग वाटाड्या लागायचा. पहिल्या वेळी बाला पाच रुपये दिले. बानं ते परत करायला बघितलं. गडावर तर आपण जातोच, त्याचे पैसे कसले? आईनं मागून डोळे वटारले तेव्हा ठेवून घेतले.

तिथून चाळीस वर्षं तो वाटाड्या होता. रतनगड, साम्रदची सांधण दरी, करोली घाटानं खाली कोकणात डेहण्याला उतरणं, कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड. करोली घाट त्याला लहानपणापासून पाठ होता, कारण मिठासाठी आणि सुक्या मासळीसाठी आमची माणसं त्याच वाटेनं कोकणात उतरत. अलंग, मदन, कुलंगच्या तुटक्या पायऱ्या दाखवून तो पाहुण्यांना सांगायचा, ह्या इंग्रजानं सुरुंगानं उडवल्या. आणि मग देवगावच्या राघोजी भांगऱ्यांची गोष्ट निघायची. आमच्याच महादेव कोळी समाजातले राघोजी, सावकार आणि इंग्रज सरकार दोघांविरुद्ध उठले, या कडेकपारीत वर्षानुवर्षं सापडले नाहीत, आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. पुस्तकात ही गोष्ट लढाईची असते. बा ती वाटांची करून सांगायचा. कुठल्या कपारीत पाणी टिकतं, कुठून घोडा चढत नाही, कुठून धूर दिसत नाही. "पायाखाली वाट आसंल तर मानूस सापडत नाय," म्हणायचा. मग सावकाश जोडायचा, "राघोजीबी शेवटाला डोंगरात नाय घावले. डोंगर सोडल्याव घावले." राघोजी पंढरपूरला पकडले गेले, हे मी पुढं कॉलेजात वाचलं. बाला ते कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

आम्ही भावंडं आश्रमशाळेत होतो. आदिवासी मुलांच्या निवासी शाळा, तुम्हाला माहीत असतील. पहिलीतलं मूल आईबापापासून तोडून मोठ्या हॉलमध्ये चाळीस पोरांत झोपवायचं. मला पहिले दोन महिने रोज रात्री ताप यायचा. बा दर रविवारी यायचा. आमच्या वाडीतून शाळा रस्त्यानं लांब, डोंगरातून जवळ, पण ती वाट कुणी वापरत नसे. बानं ती वापरात आणली. पहाटे निघायचा, फडक्यात नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी, दिवस करवंदांचे असले तर पळसाच्या पानात करवंदं. फाटकाबाहेर आम्ही तिघं त्याच्याभोवती बसायचो. तो फार बोलायचा नाही. आमच्या पायांचे तळवे बघायचा, काटा असेल तर काढायचा. दुपारी उठून जायचा. आम्ही फाटकापाशी उभे राहून त्याला खिंडीपर्यंत बघायचो. खिंडीत तो टोपी काढून हलवायचा, मग दिसेनासा व्हायचा.

रविवारी पाहुणे आले तर तो त्यांना नेत नसे. तेव्हा वाटाड्याला सगळं काम शनिवार-रविवारचंच, शहरातल्या लोकांना तीच सुट्टी. बा शनिवारी गडावर नेऊन गुहेत त्यांना झोपवायचा, पहाटे दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायचा आणि तिथूनच शाळेकडं निघायचा. अर्धे पैसे त्या दुसऱ्याला. आई हिशोब करायची आणि गप्प बसायची.

मी आठ वर्षांची असताना त्यानं मला दिवाळीच्या सुट्टीत रतनगडावर नेलं. रतनवाडीतून निघालं की तोच प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो, मग दाट झाडी, मग शिड्या. शिडीवर बा माझ्या मागं होता, हात दोन्ही बाजूंनी, मला शिवत नव्हता पण मी पडलेच तर त्याच्या छातीवर पडले असते. गणेश दरवाजा, रत्नादेवीची गुहा, आणि मग नेढं. नेढं म्हणजे डोंगराच्या माथ्यात आरपार पडलेलं भोक, सुईला असतं तसं. त्यात बसलं की वारा अंगावरचे कपडे ओढतो. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग आणि लांब कळसूबाई, दुसरीकडं आजोबा डोंगर आणि कोकणातली खोल झाडी. खुट्टा सुळका तर हाताच्या अंतरावर वाटतो. खाली आमचं सगळं पाणी. बा एकेक नाव घ्यायचा आणि माझ्याकडून म्हणून घ्यायचा, शाळेत पाढे म्हणवून घेतात तसं. कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटर, हे मी त्याला पुस्तकातलं सांगितलं. तो म्हणाला, "मीटर म्हंजी किती?" मला सांगता येईना. "आसू दे," म्हणाला, "बारीतून निघालं का न्याहारीला माथ्याव. तेवढी हाय."

परत येताना मी विचारलं, आईला कधी आणलं होतंस? तो थांबला. आईला त्यानं कधीच आणलं नव्हतं. आई कळसूबाईला नवरात्रात नवस फेडायला जाऊन आली होती, पण घराच्या डोक्यावरचा रतनगड तिनं खालूनच बघितला होता. आमच्यात बाई कामाशिवाय गडावर जात नाही. सरपणाला जंगलात जाते, माथ्यावर कशाला जाईल?

त्याला ते लागलं असावं. पण आईला नेण्याआधी एक मोठं भांडण व्हायचं होतं.

जुलै महिना. चार मुलं वाटाड्या न घेता गडावर गेली आणि धुक्यात चुकली. संध्याकाळी गावात निरोप आला. बा घोंगडी आणि कंदील घेऊन निघाला, बरोबर वाडीतला एक चुलता. रात्रभर पाऊस. आई ओसरीत बसून. मी सुट्टीला नव्हते, ताप आला म्हणून घरी होते, त्यामुळं हे माझ्या डोळ्यांदेखत. पहाटे चुलता एकटाच आला. बा पुढं त्र्यंबक दरवाज्याच्या अंगाला गेला होता आणि याला त्याचा आवाज येईना. आई उठली, चूल पेटवली, भाकरी थापायला घेतली. तिचे हात थापत होते आणि ती काहीच बोलत नव्हती. दिवस चांगला वर आल्यावर बा आला, चारी पोरांना घेऊन. कोपरापासून हात सोललेला. पोरांनी भाकरी खाल्ल्या, पाया पडली, गेली.

मग आई बोलली. एकच वाक्य. "तुमची पोरं हितं घरात हायेत, डोंगरात नाय."

बा काही बोलला नाही. ओसरीच्या कडेला पाय सोडून बसला. त्यानंतर जवळजवळ आठ दिवस दोघांत बोलणं नव्हतं, आमच्यामार्फत निरोप चालायचे. बा चुकला होता का? मी आज आई आहे, मला आईचं पटतं. पण ती चार पोरंही कुणाची तरी होती. २०२० च्या जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत हे मुरलेले गिर्यारोहक गेले, ती बातमी मी बाला पेपरातून वाचून दाखवली. कडा किती उंच, दोर कसला, हे तो काहीच बोलला नाही. एवढंच विचारलं, "घरी कोन कोन हाये त्यांच्या?"

त्या भांडणानंतर बानं रात्रीचं जाणं बंद केलं नाही, पण एक बदल केला. निघण्याआधी आईला सांगायचा, कुठल्या वाटेनं जाणार आणि कुठल्या वाटेनं येणार. ठरलेली वाट बदलायची नाही. आईला वाटा पाठ झाल्या. ती चूल फुंकता फुंकता सांगायची, आता कारवीच्या टेपाडावर आला असंल. आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

तिला त्यानं गडावर नेलं ते माझं लग्न झाल्यावर. भाद्रपदात, सगळा माथा सोनकीनं पिवळा झालेला. आई लुगड्याचा काष्टा घालून शिड्या चढली. नेढ्यात पोचल्यावर ती म्हणे बराच वेळ खाली बघत राहिली आणि म्हणाली, "आपलं घर कुठंय?" बानं दाखवलं. आई म्हणाली, "एवढंसंच हाय?" या प्रसंगाला मी नव्हते. दोघंही हे सांगताना हसायचे, आणि दोघांचं सांगणं थोडं वेगळं असायचं. बाच्या सांगण्यात आई दमली होती. आईच्या सांगण्यात बा.

१९८६ साली हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाला. जंगल राखलं गेलं ते बरंच झालं, पण कालपर्यंत ज्या झाडाचा हिरडा आपला होता त्याखाली उभं राहायला आता मनात भीती, असाही काळ गेला. घाटघरला वीज प्रकल्प आला, पाणी खाली सोडून परत वर चढवतात तो. रस्ते आले. मग तंबू आले.

तंबू माझ्या धाकट्या भावाचेही आहेत, पाण्याच्या कडेला. तो काही चुकीचं करत नाही. भातात भागत नाही, पोरांना शिकवायचंय. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत आमच्याकडं काजव्यांचे दिवस. पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे बसतात आणि सगळं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं. नर मादीला बोलावत असतो, एवढं साधं ते. आम्ही लहानपणी त्याला बघण्यासारखं काही समजत नव्हतो. आता त्या पंधरवड्यात शेंडीपासून घाटघरापर्यंत गाड्यांच्या रांगा लागतात. गाड्यांचे दिवे, टॉर्च, गाणी. उजेडात काजवा दिवा लावत नाही, आणि गवतात बसलेली मादी पायाखाली जाते.

बा तेव्हा ऐंशीच्या घरात. गुडघे गेलेले. एका रात्री काठी टेकत भावाच्या तंबूंपाशी गेला आणि म्हणाला, "बत्त्या बंद कर." भाऊ म्हणाला, गिऱ्हाइकं पैसे भरून आलीत. बा म्हणाला, "कशाचं पैसं? काजव्याचं ना? मंग काजवा दिसू दे." भाऊ चिडला. तुम्ही आयुष्यभर फुकट डोंगर दाखवला, मला परवडत नाही, असं बोलला. हे बाला फार लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. महिनाभर बापलेक बोलले नाहीत. पुढच्या वर्षी भावानं आपणहून रात्री जनरेटर बंद ठेवायला सुरुवात केली. काही गिऱ्हाइकं कुरकुरली, एकदोघांनी पैसे परत मागितले, त्यानं दिले. शेजारच्या तंबूंचे दिवे मात्र चालूच असायचे, आणि अजूनही असतात.

शेवटची दोन वर्षं बा ओसरीतच होता. तिथून रतनगड समोर दिसतो, खुट्ट्यासकट. माझ्या भावाची पोरगी त्याला वही वाचून दाखवायची. ही एक शंभर पानी वही, कुणा पाहुण्यानं दिलेली. जे येतील त्यांनी नाव आणि काहीतरी लिहायचं. बाला वाचता येत नव्हतं, पण कुठलं पान कुणाचं ते अक्षराच्या वळणावरून सांगायचा. "ह्यो ठाण्याचा. पायाला फोड आलतं त्येच्या." वहीत बहुतेकांनी सारखंच लिहिलंय, की वाट छान दाखवली, जेवण छान होतं, परत येऊ. काही जण खरंच परत आले, पोरंबाळं घेऊन.

तो गेला तो श्रावणात, घरातच, झोपेत. दहाव्याला मुंबईचे तिघं आले, आता साठीपुढचे. धुक्यात चुकलेल्या चौघांपैकी ते तिघं. त्यांची इच्छा होती की गडाच्या वाटेवर बाच्या नावाची पाटी लावावी. अभयारण्यात अशी पाटी लावता येते का, परवानगी कुणाची, यावर भाऊ आणि ते बराच वेळ बोलत होते. आईनं आतून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "त्यांला वाचता येत नव्हतं. पाटी कशाला?" मग तिघं भावाबरोबर शाळेच्या खिंडीची वाट बघून आले. आता मुलं गाडीतून शाळेत जातात. ती वाट निम्मी मोडली आहे, कारवीनं भरून आली आहे. खिंडीत बानं रचलेले तीन दगड तेवढे होते.

पुढच्या मे महिन्यात मी माझ्या मुलाला घेऊन माहेरी गेले. पाणी खूप खाली गेलं होतं, तळ भेगाळला होता, जुने बांध एकेक करून वर आले होते. मुलगा म्हणाला, आपला कुठला? मी त्याला वाडीच्या टोकाला नेलं. पळस वादळात पडला होता, त्याचं खोडही कुणी नेलेलं. त्या जागेशिवाय मला बांध ओळखता येईना. मी आईला हाक मारली. आई ओसरीतून उठलीही नाही, तिथूनच हात लांब करून म्हणाली, "काठाकडनं तिसरा." भाऊ तंबूकडं निघाला होता, तो थांबला आणि म्हणाला, "तिसरा नाय, चौथा. बा चौथाच सांगायचा."

दोघांचा वाद दुपारपर्यंत चालला होता. मुलानं दोन्ही बांधांचे फोटो काढून ठेवलेत.